नवमीला निघालेलं चाक

अक्काच्या पाठीचा मणका माझ्यामुळे चिरला. हे वाक्य आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणाने सांगता येईल. पुढचं बरंचसं आनंदाचं आहे, पण या वाक्याशिवाय तो आनंद कुणाला कळायचा नाही.

अक्का माझी थोरली बहीण. आम्ही बेंगळुरूचे जुने मराठी. किती पिढ्यांपूर्वी इथे आलो हे घरात कुणालाच नक्की सांगता येत नाही. माझे केस पांढरे झाले तरी ती मला अजून तम्माच म्हणते, म्हणजे धाकटा भाऊ. यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं यशवंतपूरच्या बाजारातून परत येत होतो. ती पुढे माझ्या शेजारी बसली होती, मांडीवर कांद्यांची पिशवी. मी गाडीतल्या स्पीकरवरून ऑफिसमधल्या कुणाशी तरी तावातावाने भांडत होतो. समोरच्या हंपवरचे, म्हणजे स्पीडब्रेकरवरचे, पांढरे पट्टे पुसून गेले होते, हे खरं. पण मी रस्त्याकडे पाहत असतो तर तो मला दिसला असता, हेही तितकंच खरं. गाडी उडाली. अक्का उडाली आणि बसल्या जागी आदळली. "अय्यो," एवढंच ती म्हणाली. मग कांदे गोळा करायला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

ती एकटी राहायची. अंथरुणाला खिळल्यावर आम्ही तिला आमच्या घरी, खालच्या मजल्यावरच्या खोलीत आणलं. पावसाळा संपेतो मणका जुळला. डॉक्टर म्हणाले, आता काही हरकत नाही. ती जिने चढू लागली, विळीवर बसून नारळ खोवू लागली, मेट्रोने देवळातही जाऊन आली. फक्त चारचाकीत बसेना. माझ्याच नव्हे, कुणाच्याही. एकदा मी तिला कसंबसं राजी करून गल्लीत फिरवून आणलं. पहिल्याच हंपवर डाव्या पुढच्या चाकातून 'खट्ट' असा आवाज आला आणि अक्काने दोन्ही हातांनी सीट घट्ट पकडली, मान खांद्यात ओढून घेतली.

"दुखलं का गं?"

"नाही रे. पण दुखेल असं वाटलं." ती दार उघडून उतरली. "हा आवाज ऐकला की पाठ माझं ऐकत नाही, तम्मा. आवाज काढून टाक, मग बघू."

हा आवाज त्या अपघातापासूनचाच. आणि 'बघू' म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. अक्काचं सासर आनेकलचं, शहराबाहेर; तिथे मेट्रो जात नाही. भावजी गेले; आता त्या घरात तिची थोरली जाऊ असते. दरवर्षी दसऱ्याच्या संध्याकाळी अक्का तिथे जाते आणि दोघी जावा एकमेकींना बन्नी देतात, म्हणजे शमीची पानं. एकही वर्ष चुकलेलं नाही. यंदा जाऊबाईच अंथरुणावर होत्या, आणि लवकर उठतील अशी लक्षणं नव्हती. फोनवर त्या रोज विचारायच्या, "येतेस ना गं?" आणि अक्का म्हणायची, "बघू." पुढच्या दसऱ्याला दोघी असतीलच असं कुणी म्हणू शकत नव्हतं. तेव्हा दसऱ्याआधी तो आवाज जायलाच हवा होता.

गॅरेजवाल्यांनी शॉक अब्सॉर्बर बदलला, मग एक दांडी बदलली. आवाज तसाच. शेवटी त्यांनी हात वर केले: "रोडच असे आहेत सर." त्या दिवशी मी ठरवलं, आपणच करायचं. मी आयुष्यभर कीबोर्ड बडवलेला माणूस, पण सांगतो, इतका उत्साह मला कित्येक वर्षांत वाटला नव्हता! सुट्टीच्या दिवशी पहाटे जाग यायला लागली. व्हिडिओ पाहत होतो, चित्रं काढत होतो, चाकामागे काय काय असतं ते जेवताना चमच्यांनी मांडून दाखवत होतो. बायको नागपूरची. ती म्हणाली, "काऊन हो, जेवता की गाडी जोडता?"

आणि मग एका रविवारी चोर सापडला. गाडी जॅकवर उचलून, स्टँडवर नीट बसवून मी चाक काढलं. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारा एक लोखंडी हात असतो, त्याला लोअर आर्म म्हणतात. तो जिथे सांगाड्याला जोडलेला असतो तिथे जाड रबराचा बुश असतो, धक्का गिळायला. मी त्या फटीत पहार घालून जरा दाबली आणि माझ्या हातात 'खट्ट' वाजलं! तोच आवाज! पुन्हा दाबली, पुन्हा खट्ट! रबर पार फाटलं होतं आणि लोखंडावर लोखंड आपटत होतं.

"ऐक! लवकर ये, ऐक!" मी ओरडलो.

बायको हातातलं लाटणं तसंच घेऊन धावत आली. "काय झालं? लागलं काय?"

"आवाज! हा बघ आवाज!"

"बाप्पा!" ती म्हणाली. "मला वाटलं गाडीखाली सापडले."

अक्का खिडकीत उभी होती. तिने तो आवाज ऐकला आणि पडदा ओढून घेतला. माझी चढलेली सगळी मस्ती खर्रकन उतरली. चोर सापडल्याच्या आनंदात मी तो आवाज पुन्हा पुन्हा वाजवत होतो, आणि तिच्यासाठी तो काय होता हे विसरूनच गेलो होतो.

नवा आर्म मी शिवाजीनगरच्या सुट्या भागांच्या दुकानातून आणला. दुकानदार माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "साब, गॅरेज खोल रहे क्या?" मी म्हटलं, एकाच गिऱ्हाइकाचं गॅरेज आहे. सोबत टॉर्क रेंचही घेतला. ठरवलेल्या जोराइतकं आवळलं की टक्क करून सांगणारा पाना. ते टक्क मी घरी पलंगाच्या नटावर कितीदा वाजवून पाहिलं असेल, सांगायला लाज वाटते.

आता चूक कुठे झाली ते सांगतो. माझ्या लहानपणी आमच्या घरी बेंगळुरूच्या रिवाजाप्रमाणे नवमीला आयुधपूजा व्हायची. विळी, कात्री, शिवणयंत्र, सायकल, सगळ्यांना हळदकुंकू, आणि दुसऱ्या दिवशी दशमीची पूजा होईपर्यंत त्यातलं काहीही उचलायचं नाही. त्या दिवशी आई भाजीही आदल्या रात्रीच चिरून ठेवायची. पण लग्नानंतर पूजेचं खातं बायकोकडे गेलं, आणि तिच्या माहेरी हे सगळं दसऱ्याच्या सकाळी करतात. इतकी वर्षं आमच्या घरी तसंच चाललं. त्यामुळे नवमी म्हणजे माझ्या लेखी फक्त सुट्टी. मी बेत केला तोच मुळी असा: नवमीला दिवसभर काम, दसऱ्याला दुपारी आनेकल. अक्का आता आमच्या घरात राहते, ही गोष्ट मी हिशेबातच धरली नाही.

नवमीच्या सकाळी मी गाडी उचलली, चाक काढलं, आर्मचे दोन बोल्ट सोडवले. हात इतके भराभर चालत होते की मी शीळ घालत होतो. तिसरा बोल्ट, चाकाकडचा, गंजून बसला होता. त्याच्यावर भरपूर तेल मारलं, मुरू दे म्हटलं, आणि बायकोने हाक मारली म्हणून आंघोळ करून जेवायला बसलो. पुरणपोळी होती. दोन घास जास्तच गेले.

खाली आलो तर माझी सगळी हत्यारं पाटावर ओळीने मांडलेली. प्रत्येक पान्याला हळदकुंकवाचं बोट. सॉकेट लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत, प्रत्येकावर एकेक शेवंतीची पाकळी. टॉर्क रेंचला आख्खा हार. गाडीच्या बॉनेटवर केळीचे खुंट बांधलेले, तीन चाकांखाली एकेक लिंबू, आणि चौथं लिंबू भिंतीला टेकवून ठेवलेल्या, निघालेल्या चाकाखाली. अक्का नवी साडी नेसून उदबत्ती ओवाळत होती.

"अक्का! अगं हे काय केलंस?"

"आयुधपूजा. का रे? आई करायची ते विसरलास?"

"अगं पण चाक निघालेलं आहे!"

"दिसलं की. म्हणून त्यालाही लिंबू ठेवलं." ती हात जोडून माझ्याकडे वळली. "आता उद्या सकाळपर्यंत काही उचलायचं नाही. त्यांनाही विश्रांती, तुलाही."

"उद्या आनेकलला जायचं आहे ना!"

"ते मला सांगतोस?" अक्का म्हणाली. "पण नवमी ती नवमी."

दुसऱ्या कुणी ही पूजा केली असती तर मी हळदीसकट पाना उचलला असता. मी तसा काही देवभोळा नाही. पण हे पाने अक्काने वाकून, एकेक पुसून मांडले होते. ज्या पाठीने ती वाकली, ती पाठ मी मोडली होती. माझा हात पुढे झालाच नाही.

पण स्वस्थही बसवेना. शेजारी गेलो, त्यांच्या पान्यांच्या पेटीवर कुंकू. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याचा कॉम्प्रेसर झेंडूखाली झाकलेला. अख्ख्या शहरात एक पाना मोकळा नव्हता! मग मला एकदम सुचलं. नवा पाना! नव्या पान्याची पूजा झालेलीच नसते! गेटबाहेर लावलेली स्कूटर पूजेतून सुटली होती; तिच्यावरून मी थेट शिवाजीनगर गाठलं. रस्त्यात जागोजागी पूजेत कुंकू भरून फोडलेले कोहळे, लाल झालेले, चुकवत चुकवत. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं, आत साफसफाई चाललेली.

"आज?" दुकानदार हसायलाच लागला. "आज तो पाने भी छुट्टी पे हैं, साब."

"मला नवा हवा. कोरा."

त्याने मला पाना दिला, कागदात गुंडाळून, मिठाई द्यावी तसा. मी विजयी होऊन परत आलो. गेटमधून आत शिरतो तोच अक्का समोर.

"काय आणलंस?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण तिच्याशी येत नाही. "पाना."

"नवा? नवमीला नवा पाना?" तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "अरे, याच्याइतकं शुभ काय!" आणि माझ्या हातातून तो घेऊन, कागद सोडून, तिने त्याला हळद लावली, कुंकू लावलं आणि पाटावर इतरांच्या शेजारी नेऊन ठेवला.

बायको जिन्यात उभी होती. ती हसून हसून खालच्या पायरीवर बसली. "अजून एक आणा, जा," ती म्हणाली. "तोही ठेवतील."

मग मीही हसलो. काय करणार? अक्काला खुर्ची आणून दिली आणि स्वतः जमिनीवर बसलो. हाताला काम नव्हतं म्हणून तोंड चालू केलं. निघालेल्या चाकाच्या जागेकडे बोट दाखवून मी तिला सगळं समजावून सांगू लागलो: हा आर्म, हा बुश, इथे रबर फाटलंय, म्हणून आवाज. आणि नवा बसवताना एक गंमत आहे, मी म्हटलं. बुशचे बोल्ट चाक हवेत लोंबकळत असताना पक्के आवळायचे नाहीत. तसं केलं तर गाडी खाली टेकल्याबरोबर रबराला पीळ बसतो, आणि ते पिळातच जगतं. पहिल्याच खड्ड्यांत फाटायला लागतं. म्हणून आधी नुसते लावायचे, मग गाडी तिच्या चाकांवर उभी करायची, भार घ्यायला लावायचा, आणि मगच आवळायचे.

अक्का लक्ष देऊन ऐकत होती. "म्हणजे ज्या भारात राहायचं, त्याच भारात बसवायचं."

"अगदी!"

"हे त्या गॅरेजवाल्यांना ठाऊक नाही?"

"असेल. पण गाडी पुन्हा खाली घेऊन आवळायला वेळ कुणाला असतो?"

ती फाटलेल्या बुशकडे बराच वेळ बघत राहिली. जिथून तो आवाज यायचा ती जागा ती पहिल्यांदाच पाहत होती.

दसऱ्याला सकाळी मी उठून खाली आलो तर अक्का आधीच पाटाशी. तिने पूजा केली, अक्षता टाकल्या आणि पाट जागेवरून जरासा हलवला. "सरी, झालं, घे आता," ती म्हणाली, आणि तो नवा पाना स्वतःच उचलून माझ्या हातात दिला. हळदीने पिवळा झालेला. मी तो गंजलेल्या बोल्टला लावला, श्वास रोखला, जोर केला, आणि बोल्ट सुटला! काल दिवसभर नि रात्रभर तेल मुरलं होतं, दुसरं काही नाही. पण त्या क्षणी मला जो आनंद झाला त्याला हे कारण पुरत नाही. जुना आर्म खळ्ळकन माझ्या पायाशी पडला. नवा चढवला. चाकाकडचा बोल्ट पक्का कसला, बुशचे दोन हाताने लावले, जरासे आवळले. चाक बसवलं, नट कसले, गाडी स्टँडवरून उतरवली आणि हळूहळू पुढे घेऊन लोखंडी रॅम्पच्या जोडीवर पुढची दोन चाकं चढवली. हँडब्रेक ओढला, मागची चाकं घसरू नयेत म्हणून त्यांना दगडाची उटी दिली. आता गाडी स्वतःच्या भारावर उभी होती आणि खाली शिरायला जागाही झाली होती. मी पाठीवर झोपून टॉर्क रेंच हातात घेतला.

"थांब, तम्मा," अक्काचा आवाज आला.

मला फक्त तिची पावलं दिसत होती. ती दोन पावलं गाडीच्या डाव्या बाजूला आली. थांबली. मागे सरली. पुन्हा पुढे आली.

"माझा भार धरून आवळायला नको का?"

खरं सांगायचं तर त्याची गरज नव्हती. गाडीचा भार पुरेसा होता, एका माणसाने काही फरक पडत नाही. हे मी तिला सांगायला हवं होतं, आणि सांगितलंही. "तसं नाही बसलं तरी चालतं गं," मी खालून म्हणालो.

"चालतं, पण बसलं तर वाईट नाही ना?"

"नाही."

"मग बसते."

दार उघडलं. गाडी पुढून उंचावलेली होती म्हणून तिला वाकावं लागलं नाही. बायकोने कोपराला हात दिला आणि ती बसली. माझ्या डोक्यावरची स्प्रिंग हलकेच दबली. मी बाहेर सरकून पाहिलं. अक्काने दोन्ही हातांनी सीट पकडली होती, डोळे मिटले होते.

"आवळ लवकर," ती डोळे न उघडता म्हणाली. "उगाच बघत बसू नकोस."

मी पुन्हा खाली शिरलो. पहिला बोल्ट. जोर लावला, आणखी लावला. टक्क! दुसरा. टक्क! तेलाने माखलेल्या हातांनी मी तिथे पडल्या पडल्या रडत होतो की हसत होतो, मला माहीत नाही.

"झालं?"

"झालं, अक्का! उतर आता, गाडी खाली घेतो."

"उतरून परत चढायला लावू नकोस मला. आत्ताच चढलेय. घे खाली मी असताना."

"अगं, आत्ता? मला हात तरी धुऊ दे. दुपारी निघायचं ठरलंय."

"दुपारी माझा धीर राहील असं तुला वाटतं?"

तेव्हा कुठे बायकोला आणि मला उलगडलं. मग एकच धांदल! बायको वर धावली, डब्यात पुरणपोळ्या भरल्या, अक्काची औषधं घेतली, माझ्या अंगावर स्वच्छ शर्ट फेकला. मी उटी काढली, गाडी इंच इंच मागे घेत रॅम्पवरून उतरवली. चाकांखालची लिंबं मी सकाळी बाजूला काढून ठेवली होती, ती चिरडायची मात्र राहूनच गेली होती. अक्काने आठवण करून दिली, बायकोने पुन्हा मांडली, आणि आम्ही ती चिरडत बाहेर पडलो.

गल्लीतला पहिला हंप. मी गाडी जवळजवळ थांबवली आणि बाळ खाली ठेवावं तशी त्यावरून नेली. धप्प. नुसतं मऊ धप्प! खट्ट नाही! "ऐकलंस?" मी ओरडलो. अक्काने मान हलवली, पण सीट सोडली नाही. दुसऱ्या हंपवरही तिचे खांदे वर गेले. तिसऱ्यावरही. आवाज गेला होता, पण भीती अजून तिथेच होती, आणि तिला आवळायचा किंवा सोडवायचा कुठलाही पाना माझ्याकडे नव्हता. स्टिअरिंग किंचित डावीकडे ओढत होतं. चाकं सरळ रेषेत आणायचं काम, म्हणजे अलाइनमेंट, सणानंतर करायचं होतं. मी दोन्ही हातांनी ते सरळ धरून ठेवलं आणि फोन बंद करून मागे बायकोकडे दिला.

शहर संपत आलं. कारखान्यांची गेटं झेंडूच्या माळांनी सजली होती. आनेकलचा फाटा घेतल्यावर अक्का जाऊबाईंविषयी बोलू लागली. लग्न होऊन ती त्या घरात गेली तेव्हाची गोष्ट. दोघींची पहिल्याच आठवड्यात कशावरून तरी जुंपली होती. कशावरून, तर आमटीत गूळ घालायचा की नाही यावरून.

"मी म्हटलं, आमच्याकडे घालतात. ती म्हणाली, तुमच्याकडे घालत असतील, हे आमचं घर. मी तिला काय म्हटलं ठाऊक आहे?"

पुढे एक हंप होता. चांगला उंच. मी ब्रेक लावला. पुढची चाकं चढली, उतरली.

"मी म्हटलं, वहिनी, घर तुमचं, पण जीभ माझी आहे, आणि आमटी तिच्यावरच पडणार," अक्का म्हणाली, आणि हे म्हणताना सीट सोडून उजवा हात हवेत नाचवला. मागची चाकं चढली, उतरली. "मग ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आमटीत गूळ होता! कुणी घातला म्हणून विचारलं तर म्हणते कशी..."

मला पुढचं ऐकूच आलं नाही. मी आरशात पाहिलं. बायकोनेही पाहिलं होतं. तिने तोंडावर हात दाबला होता.

"ऐकतोयस का रे, तम्मा?"

"ऐकतोय."

"काय म्हणाली ती, सांग बघू."

"पुन्हा सांग ना, अक्का," मी म्हटलं. "पहिल्यापासून सांग."